‘अति’ म्हणजे किती ?

वर्तमानपत्रांत अपघाताची बातमी आली कीं तिच्या शेवटीं एक ठराविक वाक्य असतें : ‘अतिरक्तस्राव झाल्यामुळें जखमी इसमाचें जागच्या जागीं निधन झालें.’ आपण तें वाचतों, क्षणभर हळहळतों आणि पान उलटतों. यंदा पहिल्या सत्रांत आमच्या एका वर्गांत अशीच एक बातमी मोठ्यानें वाचली गेली, तेव्हां मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्यानें उभें राहून विचारलें, “सर, ‘अति’ म्हणजे किती ?” प्रश्न साधा होता, पण त्याचें उत्तर आम्हांस तत्काळ देतां आलें नाहीं. मग पुस्तकें चाळलीं, एका परिचित डॉक्टरांस विचारलें, आणि असें आढळून आलें कीं ज्यास आपण एकाच शब्दानें संबोधितों त्यासाठीं वैद्यकांत अनेक शब्द आहेत, आणि त्यांतील प्रत्येक शब्दाच्या मागें कांहीं तरी करावयाचें कर्तव्य उभें आहे. ही माहिती आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस उपयोगी पडेल अशा समजुतीनें येथें देत आहों.

प्रथम शरीरांतील सांठा किती हें पाहिलें पाहिजे. कारण गांठीला किती आहे हें कळल्यावांचून खर्च ‘अति’ झाला कीं नाहीं हें ठरत नाहीं. प्रौढ मनुष्याच्या शरीरांत वजनाच्या दर किलोग्रॅममागें सुमारें ७० मिलिलिटर रक्त असतें. म्हणजे ७० किलो वजनाच्या माणसाजवळ सुमारें ५ लिटर रक्त असतें. मुलांत हें प्रमाण थोडें अधिक, दर किलोस सुमारें ८० मिलिलिटर असतें. तरी त्यांचें वजनच अल्प असल्यामुळें २० किलोच्या मुलाचा एकंदर सांठा १६०० मिलिलिटरच भरतो. आतां असें समजा कीं वडिलांच्या व मुलाच्या शरीरांतून सारखेंच, दोन पेले म्हणजे सुमारें ४५० मिलिलिटर रक्त गेलें. वडिलांच्या बाबतींत तो सांठ्याचा अकरावा हिस्सा झाला. रक्तदानाच्या वेळीं आपल्या देशांत ३५० किंवा ४५० मिलिलिटर रक्त घेतात, आणि दाता चहा-बिस्किटें घेऊन थोड्या वेळानें आपल्या कामास लागतो. मुलाच्या बाबतींत मात्र तोच सांठ्याचा चौथ्या हिश्श्याहून मोठा भाग झाला, आणि तें मूल संकटांत आहे. यावरून आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें पहिलें उत्तर मिळतें. ‘अति’ हें माप नव्हे, तें प्रमाण आहे.

रक्त कोणत्या रीतीनें जातें यावरूनही निरनिराळे शब्द झाले आहेत. डॉक्टर ज्यास ‘हेमरेज’ म्हणतात तो शब्द मूळ ग्रीक. त्याचा पूर्वार्ध ‘हैमा’ म्हणजे रक्त, आणि उत्तरार्ध ‘फुटून बाहेर पडणें’ या अर्थाच्या धातूपासून आला आहे. आपल्या घरांतही नाकांतून रक्त आलें म्हणजे ‘घोळणा फुटला’ असेंच आपण म्हणतों. दोन्ही भाषांस फुटण्याचीच कल्पना सुचली, हें मौजेचें आहे. परंतु आपली बोली ग्रीक भाषेहून एका बाबतींत अधिक सूक्ष्म आहे, हें आमच्या वाचकांच्या ध्यानांत कदाचित् आलें नसेल. गुडघा खरचटला तर रक्त ‘पाझरतें’. विळीनें हात खोल कापला तर तें ‘भळभळतें’. आणि मोठी वाहिनी तुटली तर त्याची ‘चिळकांडी’ उडते. या तीन शब्दांत शरीरशास्त्राचा एक संपूर्ण धडा सांठविलेला आहे. पाझरतें तें केसाहून बारीक अशा केशवाहिन्यांतील रक्त. तें बहुधा आपोआप गोठून त्यावर खपली धरते. भळभळतें तें हृदयाकडे परत जाणाऱ्या नीलांतील रक्त. तें काळसर व एकसारखें वाहतें. चिळकांडी उडते ती हृदयाकडून येणाऱ्या रोहिणीची. तिचा रंग तांबडा भडक, आणि हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी ती उसळते. मांडीची अथवा मानेची मोठी रोहिणी तुटली तर थोड्याच मिनिटांत प्राण जाऊं शकतो. म्हणून ‘अति’ हें जसें प्रमाणावर तसेंच वेगावर अवलंबून आहे. ज्या मानानें रक्त अनेक आठवड्यांत थोडें थोडें गेल्यास मनुष्य नुसता फिकट व अशक्त होतो, तितकेंच दहा मिनिटांत गेल्यास तो दगावतो. पहिल्या स्थितीस रक्तक्षय किंवा ‘ॲनिमिया’ म्हणतात, दुसरीस रक्तस्राव. या दोहोंची गल्लत होऊं नये. ताज्या रक्तस्रावांत रक्तांतील पेशी व पाणी हीं बरोबरच जातात, यास्तव आरंभीं हिमोग्लोबिनची तपासणी केली तर आंकडा पुष्कळदां चांगलाच दिसतो. त्या कागदावर विसंबून राहणारा फसतो.

येथवर जें सांगितलें तें डोळ्यांस दिसणाऱ्या रक्ताविषयीं झालें. न दिसणारें रक्त अधिक दगा देतें. आपल्या भाषेंत ‘मुका मार’ असा एक फार अर्थपूर्ण शब्द आहे. ज्या माराची वर खूण उमटत नाहीं, जो बोलत नाहीं, तो मुका. असा मार पोटास बसला असतां आंत पांथरी अथवा यकृत फाटूं शकतें. सायकलीवरून पडतांना तिच्या मुठीचें टोंक पोटांत घुसलें, झाडावरून पडतांना फांदीवर बरगडी आपटली, अशा प्रसंगीं वर नुसता ओरखडा असतो आणि आंत रक्त सांचत असतें. डॉक्टर अशा रक्तास स्थानाप्रमाणें नांवें देतात. कातडीखालीं अथवा स्नायूंत सांचून गांठ झाली तर ‘हेमाटोमा’, छातीच्या पोकळींत ‘हेमोथोरॅक्स’, पोटाच्या पोकळींत ‘हेमोपेरिटोनियम’. शब्द लांबलचक वाटले तरी युक्ति सोपी आहे : पुढें ‘हेमो’ म्हणजे रक्त, मागें जागेचें नांव. एकट्या मांडीचें हाड मोडलें तरी मांडीच्या आंत एक ते दीड लिटर रक्त सांचूं शकतें, आणि बाहेर एक थेंबही दिसत नाहीं.

कांहीं वेळां आंतलें रक्त स्वतःच मार्ग काढून बाहेर येतें. उलटींतून आलें तर ‘हेमाटेमेसिस’, खोकल्याबरोबर आलें तर ‘हिमॉप्टिसिस’, नाकांतून आलें तर ‘एपिस्टॅक्सिस’. यांत पालकांनीं विशेष ध्यानांत ठेवण्याजोगा शब्द ‘मेलेना’ हा होय. ग्रीक भाषेंत त्याचा मूळ अर्थ ‘काळा’ असा आहे. जठरांतील रक्त आंतड्यांतून प्रवास करतांना पचतें व डांबरासारखें काळें, चिकट आणि दुर्गंधियुक्त होऊन शौचावाटे पडतें. लोहाच्या गोळ्यांनींही शौच काळें होतें हें खरें. परंतु घरांतील वृद्ध मनुष्य असें काळें डांबरी शौच झाल्याचें सांगून घेरी येते म्हणूं लागला, तर ‘उष्णता झाली असेल’ असें म्हणून सब्जाचें पाणी देत बसूं नये. तो रक्तस्राव आहे, आणि त्याची जागा दवाखान्यांत आहे.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. शल्यचिकित्सकांनीं रक्तस्रावाच्या चार पायऱ्या ठरविल्या आहेत. सांठ्याच्या शेंकडा १५ पर्यंत रक्त गेलें तर ती पहिली पायरी. शरीर ती तूट सहज सोसतें. शेंकडा १५ ते ३० ही दुसरी. येथें नाडी मिनिटास शंभराच्या वर जाते, श्वास जलद होतो, हातपाय गार पडतात, आणि मनुष्य कारण नसतां बेचैन होतो. पण नवल असें कीं रक्तदाब मोजला तर वरचा आंकडा बहुधा पूर्वींइतकाच असतो. कारण शरीर धोरणी आहे : तें कातडीकडील व हातापायांकडील वाहिन्या आवळून रक्त मेंदू व हृदय यांजकडे वळवितें. तिसऱ्या पायरीवर, म्हणजे शेंकडा ३० ते ४० गेल्यावर, हें धोरण थकतें. रक्तदाब उतरतो, नाडी १२० च्या पुढें धांवते, मनुष्य भ्रमिष्टासारखा बोलूं लागतो. शेंकडा ४० च्या वर चौथी पायरी. नाडी जेमतेम लागते, कातडी पांढरी फटक व घामानें थबथबलेली, लघवी बंद, आणि रोगी ग्लानींत. येथें तत्काळ उपाय न झाला तर मृत्यु अटळ होय. प्रत्येक रोगी या कोष्टकाबरहुकूम वागेलच असें नाहीं. विशेषतः लहान मुलांत रक्तदाब फार उशिरापर्यंत टिकून राहतो आणि मग एकाएकीं कोसळतो. सबब मुलाचा रक्तदाब ठीक आहे म्हणून स्वस्थ बसूं नये. त्याची नाडी, त्याचे गार हातपाय आणि त्याचें नेहमींसारखें न खेळणें हींच खरीं साक्षीदार आहेत.

तिसऱ्या-चौथ्या पायरीवरील अवस्थेस डॉक्टर ‘शॉक’ म्हणतात. या शब्दानें आपल्याकडे फार घोटाळा केला आहे. विजेचा शॉक बसतो, दुःखद वार्ता ऐकून शॉक बसतो, आणि डॉक्टर ‘पेशंट शॉकमध्यें आहे’ असें म्हणतात तेव्हां नातेवाईक समजतात कीं रोगी घाबरला आहे. मग ते त्याची समजूत घालूं लागतात. वैद्यकांतील शॉक हा मनाचा धक्का नव्हे. शरीरांतील पेशींस रक्ताभिसरणावाटे पुरेसा प्राणवायु न पोहोंचणें, हा त्याचा अर्थ. रक्त किंवा शरीरांतील पाणी घटल्यामुळें तो आला असेल तर त्यास ‘हायपोव्होलेमिक शॉक’ म्हणतात. म्हणजे वाहिन्यांतील रक्ताचें आकारमान उणें झाल्यामुळें आलेला. अशा रोग्यास धीराच्या शब्दांपूर्वीं रक्त पाहिजे.

आणि शेवटचा शब्द ‘एक्सँग्विनेशन’. लॅटिन भाषेंत ‘एक्स’ म्हणजे बाहेर व ‘सँग्विस’ म्हणजे रक्त. शब्दशः अर्थ पाहतां शरीर रक्तशून्य होणें असा होतो, आणि येथेंच शब्द आपणांस फसवितो. मनुष्य मरतो तो सर्व रक्त संपल्यावर नव्हे. सांठ्याच्या निम्म्याच्या आसपास रक्त वेगानें गेलें आणि उपाय झाला नाहीं, तर बहुधा प्राण जातो; त्या वेळीं वाहिन्यांत दोन-अडीच लिटर रक्त शिल्लकच असतें. तें शिल्लक असून उपयोगाचें नसतें, कारण पंपांत पाणी उतरल्यावर जशी त्याची धार तुटते तशी हृदयाची धार तुटते. म्हणून ‘अजून फारसें रक्त गेलें नाहीं’ हा विचार करण्यास आपणांस वाटतो तितका अवकाश नसतो.

प्रमाणाचा हा विचार न कळल्यानें केवढा अनर्थ होतो याचें एक उदाहरण इतिहासांत आहे. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन हे १७९९ सालच्या डिसेंबरांत घसा सुजून आजारी पडले. त्या काळीं अनेक रोगांवर रक्त काढणें हा मान्य उपाय होता. आपल्या आयुर्वेदांतही त्यास रक्तमोक्षण हें नांव आहे. वॉशिंग्टन यांचें रक्त एका दिवसांत चार वेळां काढण्यांत आलें. तें एकंदर सुमारें ८० औंस, म्हणजे सव्वादोन लिटरांहून अधिक होतें, असा अंदाज आहे. त्याच रात्रीं, १४ डिसेंबर रोजीं, ते वारले. मृत्यूचें मूळ घशाच्या विकारांत होतें असें मानतात. तथापि ज्या देहास झुंजण्यासाठीं प्रत्येक थेंब हवा होता त्याचा चाळीस टक्क्यांच्या आसपासचा सांठा बरें करण्याच्या हेतूनेंच काढून घेतला गेला. उपचार करणारे अडाणी नव्हते, निष्ठुरही नव्हते. त्यांच्याजवळ ‘अति’ ओळखण्याचें माप नव्हतें.

तें माप आजही नुसत्या डोळ्यानें सांपडत नाहीं. जमिनीवर सांडलेलें रक्त पाहून केलेला अंदाज बहुधा चुकतो. कपड्यांत, मातींत, गादींत मुरलेलें तर हिशेबांतच येत नाहीं. याचा सर्वांत मोठा फटका बाळंतिणींस बसतो. प्रसूतीनंतर २४ तासांत ५०० मिलिलिटर किंवा त्याहून अधिक रक्त गेलें तर त्यास प्रसूतिपश्चात् रक्तस्राव म्हणावें अशी जागतिक आरोग्य संघटनेची अनेक वर्षांची व्याख्या होती. आणि जगांतील मातामृत्यूंचें हें एक प्रमुख कारण आहे. या कामीं आपल्या शेजारच्या बेळगांवचें नांव अभिमानानें घ्यावें असें आहे. तेथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉक्टरांनीं परदेशी सहकाऱ्यांसमवेत खेड्यांतील १६२० स्त्रियांवर एक अभ्यास केला व तो २००६ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत रक्त मोजण्यासाठीं बाळंतिणीखालीं आंकडे छापलेली एक साधी प्लास्टिकची पिशवी ठेवीत. पुढें आफ्रिकेतील चार देशांच्या ८० रुग्णालयांत याच प्रकारची पिशवी व ठरलेल्या उपचारांची जोड देऊन मोठा प्रयोग झाला. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत गंभीर रक्तस्राव व त्यापासून होणारे अनर्थ शेंकडा ६० नीं घटल्याचें आढळलें. औषधें बहुतेक जुनींच होतीं. नवें होतें तें वेळेवर मोजणें आणि मोजल्याबरोबर हालचाल करणें.

रक्त थांबविण्याची विद्या आपल्याकडे प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेंत तिचे चार प्रकार सांगितले आहेत : तुरट द्रव्यांनीं जखमेच्या कडा जुळविणें तें संधान, थंडाव्यानें रक्त गोठविणें तें स्कंदन, भस्मानें सुकविणें तें पाचन, आणि डाग देऊन वाहिनी आंखडविणें तें दहन. आजच्या शस्त्रक्रियागृहांतील विजेचा डाग पाहिला तर दहनाचाच वंशज वाटतो. गेलेलें रक्त परत भरण्याची विद्या मात्र अर्वाचीन आहे. लंडनच्या जेम्स ब्लंडेल या डॉक्टरानें १८१८ पासून माणसाचें रक्त माणसास देण्याचे प्रयोग केले. परंतु कांहीं रोगी जगत व कांहीं दगावत, आणि कारण कळेना. तें कोडें कार्ल लँडस्टायनर यांनीं १९०१ सालीं रक्तगट दाखवून उलगडलें. या परिभाषेंत आपल्या मुंबईचेंही नांव कायमचें कोरलें गेलें आहे. १९५२ सालीं डॉ. य. मो. भेंडे व त्यांचे सहकारी यांनीं एक असा दुर्मिळ गट वर्णिला कीं ज्याच्या व्यक्तीस ‘ओ’ गटाचेंही रक्त चालत नाहीं. त्यास जगभर ‘बाँबे ब्लड ग्रूप’ म्हणतात. रक्त गोठलेलें टिकावें म्हणून आज दिलें जाणारें ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हें औषध जपानांतील ओकामोतो दांपत्यानें १९६२ सालीं प्रसिद्ध केलें. वीस हजारांहून अधिक जखमी रोग्यांवरील २०१० च्या चांचणींत त्यानें मृत्यु घटल्याचें दिसलें. परंतु त्याचा लाभ जखम झाल्यापासून तीन तासांच्या आंत दिल्यासच होतो, असेंही सिद्ध झालें. म्हणजे पुन्हां वेळच.

असो. परिभाषा ज्ञानासाठीं खरी, पण ज्ञान कृतीसाठीं आहे. तेव्हां आमच्या विद्यार्थ्यांनीं पुढील गोष्टी पाठ कराव्या. भळभळणाऱ्या किंवा उसळणाऱ्या जखमेवर स्वच्छ कापड ठेवून तळहातानें जोरानें दाबावें आणि दाब सोडूं नये. ‘थांबलें का’ म्हणून दर क्षणास कापड उचलून पाहणें हें रोवलेलें बीं उकरून पाहण्यासारखें आहे. कापड भिजलें तर वर दुसरें ठेवून आणखी नेटानें दाबावें. जखमेंत कांच किंवा लोखंड रुतलें असेल तर तें उपटूं नये; त्याच्या दोन्ही बाजूंनीं दाबावें. हळद, राख, तंबाखू, चुना यांपैकीं कांहीं भरूं नये. हाताची किंवा पायाची जखम दाबूनही थांबत नसेल, तरच जखमेच्या वरच्या अंगास रुंद पट्टा घट्ट आवळावा व बांधल्याची वेळ लिहून ठेवावी. सुतळी किंवा तार वापरूं नये. रोग्यास आडवें निजवावें व घोंगडी पांघरावी, कारण थंड पडलेल्या शरीरांत रक्त गोठण्याची क्रिया मंदावते. त्यास चहा-पाणी पाजूं नये. घोळणा फुटला तर मान मागें टाकून डोक्यावर पाणी थापण्याची चाल सोडावी. बसवून मान किंचित् पुढें करावी आणि नाकाचा मऊ भाग दहा-पंधरा मिनिटें चिमटींत धरावा. आणि हें सर्व चाललें असतां दुसऱ्या कोणीं तरी १०८ या क्रमांकावर दूरध्वनि करून रुग्णवाहिका बोलवावी.

पालकांस एक गोष्ट निराळी सांगावयाची आहे. रस्त्यावरील जखमी माणसास हात लावला तर पोलीस व न्यायालय मागें लागेल, या भयानें पुष्कळ सज्जन पाठ फिरवून जातात. मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं जी दुरुस्ती झाली तिनें सद्भावनेनें मदत करणाऱ्यास संरक्षण दिलें आहे. त्याच्यावर मदतीबद्दल खटला होऊं शकत नाहीं, आणि त्याच्या इच्छेविरुद्ध त्यास नांव सांगण्याची सक्ति करतां येत नाहीं. हें मुलांच्या देखत घरांत बोललें जावें अशी आमची विनंति आहे. कारण मूल पुस्तकांतून शब्द शिकतें, पण थांबावें कीं निघून जावें हें तें आपल्या वडिलांच्या पावलांकडे पाहून शिकतें.

मागच्या बाकावरील आमच्या त्या विद्यार्थ्यास आतां उत्तर देतां येईल. ‘अति’ किती, हें जमिनीवरील डागावरून ठरत नाहीं. तें ज्याचें रक्त गेलें त्याच्या देहावर, जाण्याच्या वेगावर आणि आपण घालविलेल्या वेळावर ठरतें. यांपैकीं पहिल्या दोहोंवर आपला अधिकार नाहीं. तिसरी गोष्ट मात्र बऱ्याच अंशीं जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या हातीं आहे. वर्तमानपत्रांतील तें ठराविक वाक्य पुष्कळदां कोणा एकाच्या तळहातानें पुसतां आलें असतें. तो तळहात आमच्या शाळेंतील मुलामुलींचा असावा, एवढीच इच्छा.